घरातला रोगी, रस्त्यावरचा रोगी

पैठणच्या कूर्मदासांची कथा वारकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. हात नाहीत, पाय नाहीत, पण पंढरीची ओढ अनावर. लोळत, सरपटत निघालेला हा भक्त माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत आला आणि तिथे देह थकला. पुढे जाणे होईना, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीला लऊळला आले. कीर्तनात हा प्रसंग आला की आपले डोळे भरून येतात. मग कीर्तन संपते, आपण चंद्रभागेकडे निघतो, आणि वाटेवर झडलेल्या बोटांचा हात पुढे करून कोणी बसलेला दिसतो. त्याच्यापुढे नाणे टाकतो, ते जरा लांबूनच. कथेतल्या पांगळ्यासाठी रडणारे मन इथे अंग का चोरते? त्यामागे मोठा इतिहास आहे.

कुष्ठरोगाला आपल्याकडे महारोग म्हणत आणि तो मागच्या जन्मीच्या पापाचे फळ मानत. १८७३ साली नॉर्वेतल्या हॅन्सन या डॉक्टरांनी या रोगाचा जंतू शोधला. पुढे १८९०-९१ मध्ये एका आयोगाने हिंदुस्थानभर फिरून पाहणी केली आणि या रोगाचा संसर्ग फार थोड्या प्रमाणात होतो, असा निष्कर्ष काढला. तरीही १८९८ साली इंग्रज सरकारने कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला. तो लागू असेल तिथे पोलिसाला वॉरंटावाचून रोग्याला पकडता येई. कोणत्या रोग्याला? जो उघड्यावर भीक मागतो, किंवा ज्याला पोटापाण्याचे साधन दिसत नाही, त्याला. घरदार असलेला, माडीवर राहणारा रोगी या व्याख्येत बसत नव्हता. जंतू दोघांच्या अंगात एकच. पण एक घरच्यांच्या देखरेखीखाली राही, आणि दुसऱ्याची रवानगी आश्रमात होई. रोग अंगात होता, पण कोंडायचे कोणाला हे गरिबीवरून ठरत होते.

पांगळेपणाचेही तसेच. हा जंतू मज्जातंतूंवर घाला घालतो आणि हातापायांची संवेदना जाते. मग काटा रुतला तरी कळत नाही, तवा भाजला तरी समजत नाही. ज्याच्या पायात वहाण आहे आणि ज्याला बसून खाता येते, त्याचे हातपाय बरेचसे वाचतात. अनवाणी शेतात राबणाऱ्याची, चुलीपुढे उघड्या हाताने काम करणारीची जखम चिघळते, हाड झिजते, बोटे आखडतात. जे आपण रोगाचे रूप समजतो, त्यातले कितीतरी कष्टाचे आणि वेळेवर औषध न मिळाल्याचे रूप असते.

आज सहा महिने ते वर्षभराच्या औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याचा संसर्गही थांबतो. पण गेलेली बोटे परत येत नाहीत, आणि लोक बोटे पाहतात. म्हणून बरा झालेला माणूसही जन्मभर ‘महारोगी’च राहतो. १८९८ चा तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. त्याच वर्षीच्या दिव्यांग कायद्यात ‘कुष्ठरोगातून बरे झालेले’ असा स्वतंत्र उल्लेख आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ मध्ये काढले गेले.

कायदा झोपला होता तेव्हा माणसे जागी होती. परीट कुळात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरीत धर्मशाळा उभ्या केल्या आणि आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पंगतीला बसवून जेवू घातले. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात कुष्ठसेवा आरंभली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसवले. भिकेसाठी पुढे येणाऱ्या हातांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली आणि पुढे गावातल्या मुलांसाठी महाविद्यालयही उभारले. रोगी कोण आणि धडधाकट कोण, हा हिशेब तिथे उलटा झाला.

आपल्या संप्रदायात भेटीची रीत आहे. वयाने थोर असो की धाकटा, वारकरी वारकऱ्याच्या पायावर डोके ठेवतो. समोरचा कोण, हे विचारत नाही. मग ते पाय झिजलेले, पट्टी बांधलेले असले तर आपण वाकतो का? ज्याच्या भेटीला देव स्वतः चालत गेला, त्याच्या देहात पापाची खूण शोधणारे आपण कोण?

एवढे केले तरी पुरे. दिंडीत, गावात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर त्याला लपवू देऊ नये. सरकारी आरोग्य केंद्रात सोबत न्यावे, औषध फुकट मिळते. आणि बरा होऊन आलेल्याला आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी पान वाढावे. लऊळची वाट तिथूनच जाते.

रामकृष्ण हरी.