पेठचा माणूस मुका नव्हता : कामावर बोलण्याच्या हक्काचा इतिहास

सरकारी कचेरीत, ठेकेदाराच्या तोंडी आणि कधीकधी आपल्याच संघटनांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आदिवासी माणूस बोलत नाही, त्याला पुढारी लागतो." नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवर असलेल्या पेठ तालुक्याविषयी तर हे वाक्य सरसकट वापरले जाते. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी जमातींचे होते. म्हणजे एका वाक्यात अख्खा तालुका मुका ठरवला जातो.

आम्हाला या वाक्याचा इतिहास तपासायचा आहे. कारण हेच वाक्य एके काळी महारवाड्याविषयी बोलले जाई, गिरणीतल्या आणि रेल्वेतल्या कामगारांविषयी बोलले जाई. आमचे म्हणणे सरळ आहे. कामावर बोलायचे की गप्प बसायचे, हे माणूस आपली भाकर कोणाच्या हातात आहे हे पाहून ठरवतो. ती भाकर ज्याच्या हातात असते, तोच मग "हे लोक बोलत नाहीत" असे सांगत फिरतो.

आवाज होता, तो बंद कसा झाला?

पेठ हे पूर्वी छोटे संस्थान होते. १८५७ च्या डिसेंबरात पेठ-हरसूल भागातल्या कोळ्यांनी उठाव केला. हरसूलचा बाजार लुटला गेला. इंग्रजांनी उठाव मोडला आणि राजघराण्यातल्या भगवंतरावांना फाशी दिली. मुकी माणसे असे काही करत नाहीत.

१८७८ मध्ये पेठची बेगम वारली आणि संस्थान इंग्रजी राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला. जंगल सरकारचे झाले. कालपर्यंत जो आपल्या रानात लाकूड तोडत होता, मोह वेचत होता, तो आता सरकारच्या परवानगीने जगू लागला. राखीव जंगलातून काही घेण्याची सवलत ज्याला आहे, त्याने वणवा विझवायला आणि वन अधिकाऱ्यांना मदत करायला गेलेच पाहिजे, असे कायद्यात लिहिले गेले. मजुरीचा उल्लेख नाही. सवलत आज आहे, उद्या काढून घेतली तर? मग वन खात्याच्या गार्डासमोर 'नाही' कोण म्हणणार?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. महार वतनाचा सांगाडा अगदी असाच होता. चोवीस तास गावकीची आणि सरकारची चाकरी, मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. तोंड उघडले की बलुते बंद. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी महारांना "धीट व्हा" असा नुसता उपदेश केला नाही. कामाचे स्वरूप ठरवा, मोबदला ठरवा, ज्याला चाकरीतून सुटायचे आहे त्याला सुटू द्या, अशी मागणी केली. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. पण बाबासाहेबांची पद्धत त्या विधेयकात स्पष्ट दिसते. माणसाला बोलते करायचे असेल तर आधी त्याला 'नाही' म्हणता येईल अशी व्यवस्था करा.

मनमाड, १९३८

आता याच नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडला येऊ. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी तिथे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, आणि तो सगळ्या वर्गांत मुरलेला आहे, हेही सांगितले. हे भाषण आपण वारंवार उद्धृत करतो. पण त्यातला कामाच्या जागेविषयीचा तपशील मात्र विसरतो.

बाबासाहेबांनी विचारले होते की रेल्वेतला अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच का राहतो? तो पोर्टर का होत नाही? कारण पोर्टर स्टेशन मास्तरच्या घरी घरकाम करतो आणि मास्तरला अस्पृश्य घरात चालत नाही. कारखान्यात तो मेकॅनिक का होत नाही, फोरमन का होत नाही? आणि कामगार संघटना यावर गप्प का? मुंबईच्या गिरण्यांत हेच चालू होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा स्पृश्य कामगाराला चालत नसे, म्हणून खातेच बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. संघटनेने ती नाराजीने घातली. मालक म्हणाले, हा भेदभाव आम्ही निर्माण केलेला नाही.

यातून काय दिसते? कामगाराला मालकासमोर बोलण्याचा हक्क हवाच. पण आपल्याच संघटनेत, आपल्याच शेजारच्या कामगारासमोर बोलता येणे ही त्याच्याही आधीची पायरी आहे. संघटनेच्या आत ज्याचा आवाज दाबला जातो, त्याच्यासाठी "कामगार एकजुटीचा विजय असो" ही घोषणा पोकळ आहे.

संरक्षण देऊ, आवाज देणार नाही

त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. या एका मंत्रिमंडळाने केलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट. १९३५ च्या कायद्याखाली पेठ आणि कळवण हे भाग 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरले होते. विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरने हुकूम काढल्याशिवाय तिथे लागू होत नसे. खेरांच्या काळात डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने या क्षेत्रांतल्या आदिवासींवर अहवाल लिहिला. सावकार, ठेकेदार, कर्ज, वेठबिगार असे बरेच काही त्यात नोंदवले गेले. सरकारला आदिवासींची कणव होती, यात शंका नाही.

दुसरी गोष्ट. याच सरकारने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. सक्तीच्या समेटाच्या मुदतीत संप केला तर तो गुन्हा ठरणार होता. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की संप हा स्वतःच्या श्रमाविषयी 'नाही' म्हणण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे त्याला गुलाम करणे. संप झाला, तरी बहुमताच्या जोरावर कायदा झालाच.

दुबळ्याचे रक्षण करू, पण त्याने आपणहून उभे राहू नये, ही त्या काळच्या सवर्ण नेतृत्वाची धारणा या दोन गोष्टींतून दिसते. याला आम्ही पालकत्व म्हणतो. ते लोकशाहीसारखे दिसते, पण लोकशाही नसते.

पालकत्वाचा मोह फक्त काँग्रेसपुरता नव्हता. ६ मे १९४५ रोजी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या मुंबईतल्या भाषणात खुद्द बाबासाहेबांनी आदिवासी जमातींना राजकीय वाट्यात धरले नव्हते. त्यांच्यात अजून राजकीय जाण आलेली नाही, त्यांच्यासाठी स्वतंत्र आयोग असावा, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. हे झाकून ठेवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयपालसिंग मुंडा यांनी सर्वच पुढाऱ्यांना उत्तर दिले की आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका. आणि बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीतून जे संविधान आले, त्यात पेठच्या मजुराचे मत आणि मंत्र्याचे मत एकाच किमतीचे झाले, आदिवासींना राखीव जागा मिळाल्या.

पेठच्या जंगलातली सोसायटी

१९४७ नंतर मुंबई सरकारने जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या. जंगलाचे कूप ठेकेदाराला न देता आदिवासी मजुरांच्या सोसायटीला द्यायचे, म्हणजे मजूर हाच मालक, अशी कल्पना होती. कामाच्या जागेवरची लोकशाही यापेक्षा वेगळी काय असते? ठाणे, नाशिक, डांग या पट्ट्यात ठेकेदाराची मगरमिठी सैल करण्यात या सोसायट्यांचा वाटा आहे. तो नाकारता येणार नाही.

पण रचना पाहा. प्रत्येक सोसायटीला एक पुरस्कर्ती संस्था असे, म्हणजे बाहेरच्या समाजसेवकांची संस्था. कारभारी मंडळावर तिचे प्रतिनिधी, शिवाय सरकारी खात्यांचे प्रतिनिधी. हिशेब लिहिणारा लिहिता येणारा हवा, म्हणून तोही बहुधा बाहेरचा. कुऱ्हाड चालवणारा सभासद होता, पण वही दुसऱ्याच्या हातात होती. वही ज्याच्या हातात, त्याला प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि पुढच्या हंगामाचे कामही त्याच्याच हातात असेल तर तो धीर कुठून यायचा? पुढे जंगलतोडीवर निर्बंध आले, कूप कमी झाले, सोसायट्या मागे पडल्या. चाळीस-पन्नास वर्षांत पुरस्कर्त्यांनी आपली खुर्ची स्वतःहून किती ठिकाणी रिकामी केली, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

याच डोंगरांच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यात, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीला आणि कमी मजुरीला नकार दिला. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगड मारला गेला. नकार दिल्यावर काय होते हे लोकांना माहीत होते, तरी त्यांनी तो दिला, कारण गावेच्या गावे एकदम उभी राहिली होती. एकट्याला जे धाडस परवडत नाही, ते संघटनेला परवडते.

आजची गोष्ट

मजूर खात्याचे सदस्य म्हणून १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद चालवली. १९४३ मध्ये संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक आणले. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अमलात आणलीच नाही. त्याच वर्षीच्या औद्योगिक कलह कायद्याने १०० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी कामगार आणि मालक यांची समसमान 'वर्क्स कमिटी' आणली. १९७६ मध्ये संविधानात कलम ४३-अ आले : व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. शब्द उत्तम आहेत.

पण पेठचा माणूस यात कुठे बसतो? तो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत उचल घेऊन जातो, नाशिकच्या नाक्यावर उभा राहतो, सरकारी संस्थेत रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत राबतो. ठेकेदारामार्फत असेल तर ज्याच्या दारात तो काम करतो, तो कागदावर त्याचा मालकच नसतो. मग कमिटी कुठली आणि तक्रार कोणाकडे? नव्या औद्योगिक संबंध संहितेने प्रत्येक उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. ज्याला एका फोनवर "उद्यापासून येऊ नको" सांगता येते, त्याने १४ दिवस आधी नोटीस द्यायची!

रोजगार हमीचे पाहा. २००५ च्या कायद्याने लेखी मागणीनंतर १५ दिवसांत काम किंवा बेकारी भत्ता, आणि ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षण, असे दोन्ही हक्क दिले. पण नमुना ४ भरून घेतल्यावर तारखेची पावतीच दिली नाही, तर १५ दिवस कधीपासून मोजायचे? कायद्याची नावे बदलतील, योजना बदलतील. कसोटी बदलत नाही. मजुराच्या हातात पावती आहे का?

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले. त्यात सुरगाणा-पेठच्या वनपट्ट्यांवर राबणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून ते शेवटचा टप्पा रात्री चालले. आता सांगा, यांना बोलता येत नाही?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कामाच्या प्रत्येक मागणीला तारखेची पावती द्या. कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांना वर्क्स कमिटीत मत द्या. हजेरीपट आणि हिशेब ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत, मोठ्याने वाचा. आणि शेवटची मागणी आपल्याच संघटनांकडे आहे : अध्यक्षपद फिरते ठेवा, बायांना बोलायला आधी उभे करा. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो संघटनेच्या कार्यालयालाही तितकाच लागू आहे.

पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या भाषणावर होत नाही. तो बैठकीतून उठून गेल्यावर मागे बसलेली बाई हिशेबाचा प्रश्न विचारते का, आणि विचारल्यावर दुसऱ्या दिवशी तिचे काम टिकते का, यावर होते.

जय भीम! जोहार!