शाळा व्यवस्थापन समितीतली ‘शिक्षणतज्ज्ञ’ ही जागा: डहाणू-तलासरीच्या पालकांसाठी माहिती

जून-जुलैमध्ये शाळेतून निरोप येतो, ‘पालकसभा आहे, या.’ बरेच पालक कामावर असतात. अम्मी येतात, सही करतात आणि परत जातात. त्याच सभेत शाळा व्यवस्थापन समिती बनते आणि त्यातली एक जागा अनुभवी शिक्षकासाठी असते. ती जागा भरण्याचा हक्क पालकांचा आहे. आपल्यापैकी अनेकांना हे माहीतच नसतं, म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि अनुदानित शाळेत ही समिती लागते. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही. तिथे शिक्षक-पालक संघ असतो.

महाराष्ट्रात समितीत १२ ते १६ सदस्य असतात. तीन चतुर्थांश म्हणजे ७५ टक्के पालक. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच होतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात.

उरलेल्या २५ टक्क्यांत तीन प्रकारचे लोक येतात:

• ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा निवडून आलेला सदस्य
• शाळेच्या शिक्षकांनी निवडलेला शिक्षक
• पालकांनी निवडलेला स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकास तज्ज्ञ

समितीची मुदत दोन वर्षांची. बैठक दर महिन्याला किमान एक.

डहाणू-तलासरीत या जागेला जास्त महत्त्व का?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. तलासरी आणि डहाणू हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा भागात पंचायतीच्या किमान निम्म्या जागा आणि अध्यक्षपदं आदिवासी बांधवांसाठी राखीव असतात. हे योग्यच आहे, जमीन आणि जंगल त्यांचं आहे. मग संख्येने थोड्या असलेल्या मुस्लिम घरांनी आपलं म्हणणं कुठे मांडायचं? शाळा समिती हे त्याचं सर्वात जवळचं ठिकाण. इथे पक्ष नाही, चिन्ह नाही, खर्च नाही. मूल त्या शाळेत शिकतं, एवढी ओळख पालकाला पुरते. आणि निवृत्त शिक्षकाला तर स्वतःचं मूल तिथे असण्याचीही गरज नाही.

शिवाय प्रश्न एकट्या आपल्या मुलांचे नाहीत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातली मुलं, चिकूच्या वाडीत कामाला जाणारी मुलं, मच्छीमार घरातली मुलं, सगळी एकाच वर्गात बसतात. घरात कुणी वारली बोलतं, कुणी गुजराती, कुणी उर्दू, आणि पुस्तक मराठीत. पहिलीतलं मूल गप्प का बसतं, हे ज्याने वीस-पंचवीस वर्षं वर्गात पाहिलं आहे त्यालाच नीट कळतं.

याच तालुक्यात त्याची मोठी मिसाल आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात आणि गुरं चरायच्या कुरणात नेली. मूल का येत नाही याचं कारण त्यांनी घरी जाऊन शोधलं. समितीतल्या शिक्षणतज्ज्ञाकडून हीच अपेक्षा आहे.

समितीच्या हातात काय असतं?

सर्वात मोठं काम म्हणजे कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा आराखडा असतो. पुढच्या वर्षांची वर्गवार पटसंख्या, किती शिक्षक कमी पडतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह आणि लागणारा पैसा, हे सगळं त्यात लिहायचं असतं. अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं, शिक्षकांची हजेरी, पोषण आहार आणि शाळाबाह्य मुलं, यांवरही समितीची नजर असते.

‘शिक्षक द्या’ असा तोंडी अर्ज कुणी मनावर घेत नाही. पण पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पट दाखवून, ठराव करून, आराखड्यात मागणी लिहिली की गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी उत्तर द्यायला भाग पाडता येतं. अशी मागणी लिहायला सराव लागतो. जुन्या शिक्षकाला तो असतो.

भाषेचंही तसंच. कलम २९ म्हणतं की शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून व्हावं. भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी संविधानात अनुच्छेद ३५०-क आहे. उर्दूची मागणी करायची तर मुलांची यादी आणि पालकांच्या सह्या जोडून करावी.

अल्पसंख्याक शाळा आणि मदरसे

२०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती फक्त सल्ला देणारी ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार या शाळांना हा कायदाच लागू नाही. मुख्यतः दीनी तालीम देणाऱ्या मदरशांना आणि वैदिक पाठशाळांना हा कायदा लागू नाही. आपल्या संस्थेच्या शाळेतही समिती आहे का, हे मात्र जरूर विचारा.

कोण उभं राहू शकतं?

निवृत्त शिक्षक किंवा मुख्याध्यापिका सर्वात योग्य. त्या शाळेत नोकरीत असलेल्यांसाठी शिक्षकांची जागा वेगळी आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक ही वेगळी गोष्ट. जिल्हा परिषदेच्या नोकरीत असताना शिक्षकाला ती लढता येत नाही, निवृत्तीनंतर लढता येते. विधान परिषदेत महाराष्ट्राच्या शिक्षकांसाठी सात जागा आहेत. पालघर कोकण विभागाच्या शिक्षक मतदारसंघात येतो, पण तिथे मतदार फक्त शिक्षक असतात. पालकांचं मत चालतं ते शाळा समितीत.

पालकसभेत काय करावं?

१. मुख्याध्यापकांना आधीच विचारा: समितीची मुदत कधी संपते, सभा कधी आहे? सभा जुम्याच्या नमाजच्या वेळेत असेल तर वेळ बदलण्याचा अर्ज द्या.

२. नाव आधी आपसात ठरवा. फक्त आपल्या मोहल्ल्यात नाही, पाड्यावरच्या आणि कोळीवाड्यातल्या पालकांशीही बोला. सगळ्यांच्या पसंतीचा शिक्षक असेल तरच त्याच्या शब्दाला वजन राहील.

३. उमेदवाराला विचारा: दर महिन्याला याल का? शाळेचं कुठलं कंत्राट किंवा पुरवठा तुमच्या घरात आहे का? हिशोब सर्वांसमोर वाचाल का?

४. दोन नावं आली तर हात वर करून मोजणी मागा आणि आकडा इतिवृत्तात लिहून घ्या. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका.

५. निवड झाल्यावर सदस्यांची नावं शाळेच्या फलकावर लावायला सांगा.

नंतरची नजरही पालकांचीच. शाळांच्या माहितीसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, म्हणून त्याआधी शाळाबाह्य मुलांची नावं दाखल झाली पाहिजेत. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याआधी, म्हणजे ३१ मार्चच्या आत, जायला हवा. जानेवारीच्या बैठकीत त्याची प्रत मागा. बैठका होत नसतील तर आधी केंद्रप्रमुखांना आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.