पियानोचं गणित आणि पियानोचा कान

पियानोला 88 पट्ट्या आणि सुमारे 230 तारा. मधला ‘ए’ सेकंदाला 440 कंपनांचा, त्याच्या वरचा 880 चा. म्हणजे यंत्राने आकडा दाखवावा, कारागिराने पाना लावून खुंटी पिळावी, संपलं काम. पण असा आकडेवार लावलेला पियानो बेसूर वाजतो! पियानो लावणाऱ्या सॉफ्टवेअरची कुळकथा या अडचणीपासून सुरू होते.

1936 मध्ये अमेरिकेत कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन आला. त्याच्या फिरत्या चकत्यांवरचे पट्टे स्थिर दिसले की सूर जुळला. अशाच यंत्राने ओ. एल. रेल्सबॅक यांनी कानाने लावलेले पियानो तपासले आणि 1938 मध्ये निष्कर्ष छापले. खर्जाकडचे सूर गणितापेक्षा उतरलेले, वरचे चढलेले. सगळ्या कारागिरांची चूक एकाच दिशेने कशी होईल?

चूक नव्हतीच. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो, तसे पियानोच्या तारेतूनही उपस्वर निघतात. मात्र पियानोची पोलादी तार ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढतात. 440 च्या तारेचा उपस्वर 880 च्या जरा वरच जातो. वरचा ‘ए’ नेमका 880 ला लावला, तर दोघांचं जमत नाही आणि सूर हेलकावे खातो. हे हेलकावे ऐकत कारागीर सप्तक थोडं ताणून घेतो. किती ताणायचं, ते प्रत्येक पियानोच्या तारांवर अवलंबून. छापील तक्ता इथे कुचकामी.

अल्बर्ट सँडरसन यांच्या अक्यु-ट्यूनरने वाट काढली: ‘एफ’, ‘ए’ आणि ‘सी’ असे तीनच सूर मोजायचे आणि त्यावरून बाकीच्यांचा ताण काढायचा. पुढे लॅपटॉप आले, तसे सायबरट्यूनर, ट्यूनलॅब यांनी हाच हिशेब जास्त बारकाईने मांडला.

मला सर्वांत आवडतो तो जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ हाये हिनरिक्सन यांचा 2012 चा प्रयोग. त्यांनी पट्टी-पट्टीचा आवाज ध्वनिमुद्रित केला, साऱ्यांचे उपस्वर एकत्र मांडले आणि त्या गर्दीची एन्ट्रॉपी, म्हणजे पसाऱ्याचं माप, काढलं. मग संगणकाने कुठला तरी एक सूर जरासा हलवायचा. पसारा घटला तर बदल ठेवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. सप्तक ताणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरीही हाती आलेली वक्ररेषा रेल्सबॅकच्या रेषेच्या वळणाचीच होती. यातूनच निघालेलं एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

तेव्हा घरी जुना पियानो असेल, तर गिटारचं ट्यूनर अ‍ॅप उघडून खुंट्यांना हात लावू नका. ते तुम्हाला इमानेइतबारे 880 च दाखवेल.