इंग्रजी बोलण्याचा तास कुणी गिळला?

१८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झाले, तेव्हापासून इंग्रजीचा भर राहिला तो लेखी परीक्षेवर. कान आणि जीभ घरावर सोडली. ज्यांच्या घरात इंग्रजी होती त्यांचे भागले. आमच्या पोरांना पदवी मिळाली, पण मुलाखतीत तोंड उघडेना. याला आम्ही न्यूनगंड म्हणत नाही, अभ्यासक्रमाने केलेला भेदभाव म्हणतो. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरे. उभे राहून बोलायचे, समोरच्याचे ऐकून खोडून काढायचे. (हेडफोन कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या विभागप्रमुखांनी हे जरूर वाचावे.) श्रवण-संभाषणाचा अभ्यासक्रम आखताना आम्हाला अशी संसद हवी. पाठ केलेले संवाद नकोत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण यांवर इंग्रजीतून वाद हवा आणि त्याला लेखी पेपरइतकेच गुण हवेत.