टोणगा झाला की दूध कोणाचं? सातारा-सांगलीतल्या रेड्यांचं वजन गोठ्यात कसं ठरतं

म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांमध्ये भारत आहे. मग सातारा-सांगलीत मांसासाठी म्हशी पाळणारे गोठे दिसत का नाहीत? कारण इथे म्हैस पाळतात ती दुधासाठी. मांसाला जातात त्या बहुतेक आटलेल्या, वय झालेल्या म्हशी आणि कामाचे न उरलेले रेडे. राज्यात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीवर ती नाही, पण म्हैस किंवा रेडकू कापण्याआधी दाखला घ्यावा लागतो.

थोडक्यात, जनावर मांसासाठी वाढवलं जात नाही, ते मागे उरतं. त्याचा परिणाम सगळ्यात आधी रेडकावर होतो.

पहिले तीन महिने

रेडी झाली की घर खूश. टोणगा झाला की त्याच्या वाट्याचं दूध डेअरीच्या किटलीत जातं. यात शेतकऱ्याला निर्दयी ठरवणं सोपं आहे, पण हिशेब बघा. रेडकाला रोज अडीच लिटर दूध ९० दिवस पाजलं तर २२५ लिटर होतं. लिटरला ५० रुपये धरले तरी ११,२५० रुपये. एवढे पैसे घालून वाढवलेल्या टोणग्याला बाजारात काय मिळेल, याची खात्री कोणीच देत नाही.

म्हणून तो अर्धपोटी राहतो. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक मिळायला हवा. ३० किलोच्या रेडकाला दिवसभरात साधारण ३ लिटर. तो चुकला तर हगवण आणि न्यूमोनियाला तोंड द्यायची ताकद येत नाही. त्यात म्हशीच्या दुधातूनच मोठ्या जंतांच्या अळ्या पिल्लाच्या पोटात जातात. म्हणून पहिलं जंताचं औषध दहाव्या दिवसाच्या आसपास, पशुवैद्यकाला विचारून द्यायचं असतं. या काळात खुंटलेली वाढ पुढे खुराक देऊन पूर्ण भरून निघणं कठीण.

वाढे, कडबा आणि भुसा

कृष्णाकाठी, म्हणजे कराड, वाळवा, पलूस भागात ऊसतोडीच्या हंगामात वाढे मुबलक मिळतात. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये भिस्त कडब्यावर. म्हैस असला जाडाभरडा चारा चांगला पचवते, पण नुसत्या वाढ्यांवर ठेवली तर अडचण होते. वाढ्यांमधलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं कमकुवत होतात. त्यावर गावाकडचा उपाय स्वस्त आहे: वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची, सोबत हिरवा द्विदल चारा आणि खनिज मिश्रण द्यायचं.

लवकर वजन वाढावं म्हणून गव्हाचा भुसा आणि पेंड भरपूर घातली की वेगळीच भानगड होते. भुशात फॉस्फरस जास्त असतो. त्यात पाणी कमी पडलं तर नर रेडकाला मूतखडा होऊन लघवी तुंबते. थंडीत ही तक्रार वाढते, कारण गार पाणी जनावर कमी पितं. टोणगा वारंवार कुंथतोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

गोठा

म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूप कमी. माणदेशातल्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली दावणीला बांधलेली म्हैस धापा टाकते, चारा सोडते, वजन थांबतं. दाट सावली, अंगावर पाणी, जमलं तर डुंबायला जागा एवढं पुरतं. मुक्त संचार गोठ्यात तिला स्वतः सावलीत किंवा पाण्याकडे जाता येतं.

पाटण, शिराळ्याकडे उलट. तिथे पावसाळ्यात ओली जमीन आणि कोंदट हवा रेडकांना आजारी पाडते. आत शिरताच डोळे चुरचुरले तर समजावं, मुताचा वायू साचलाय. उताराची जमीन, कोरडं अंथरूण आणि वरून वारा जायला फट हवी.

या सगळ्याचा मांसाशी संबंध? म्हातारपणी स्नायूंमधले तंतू चिवट होतात, म्हणून वय झालेल्या म्हशीचं मांस शिजायला वेळ लागतो. तरुण, पोटभर वाढलेल्या रेड्याचं मऊ असतं. गाडीत कोंबून, तहानलेलं नेलेलं जनावर मात्र स्नायूंमधली साठवलेली साखर आधीच संपवून बसतं. मग मांस पुरेसं आंबट होत नाही, जास्तच काळपट पडतं आणि लवकर खराब होतं. महिनोन्महिने चांगला सांभाळलेला टोणगाही एका रात्रीच्या प्रवासात असा वाया जाऊ शकतो.