दुसऱ्या कुंडीवाचूनचा प्रयोग

बीडहून धाराशिवकडे निघाले की महामार्गावर चौसाळा लागते. तेथे काही शिक्षकांशी शाळेतल्या प्रयोगांविषयी बोलण्याचा योग आम्हांला आला होता. विषय नेहमीचाच. रोपाला सूर्यप्रकाश लागतो हे दाखवायचे तर कुंड्या दोन हव्यात. रोप, माती, पाणी सारखे ठेवायचे. एक कुंडी उन्हात आणि एक अंधारात. दुसरी कुंडी नसेल तर जो फरक दिसला तो कशामुळे पडला, हे सांगता येत नाही.

चर्चा संपत आली तेव्हा एका बाईंनी विचारले, "नवे औषध तपासताना काही रुग्णांना ते मुद्दाम देत नाहीत, असे आम्ही वाचले आहे. पण आजारच असा असला की औषधावाचून मूल वर्षभरही जगणार नाही, तर दुसरी कुंडी म्हणून कोणाचे मूल ठेवायचे?"

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. पुरे उत्तर एका दुर्मिळ आजाराच्या इतिहासात आहे. तो इतिहास येथे मांडत आहोत.

साठत जाणारी साखर

१९३२ साली योहानेस पोंपे या डच वैद्यकतज्ज्ञाने सात महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिचे हृदय अतोनात मोठे झाले होते आणि पेशींमध्ये ग्लायकोजेन खच्चून भरलेले होते. ग्लायकोजेन हा शरीराचा साखर साठवण्याचा नेहमीचा प्रकार. यकृतात आणि स्नायूंत ते सर्वांच्याच असते. येथे मात्र ते पेशींतल्या बारीक पिशव्यांत अडकून पडले होते. असे का, हे सांगण्याइतके ज्ञान तेव्हा नव्हते. उत्तर मिळालेले पाहायला पोंपेही राहिले नाहीत. नाझींविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतला म्हणून १९४५ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. आजाराला मात्र त्यांचे नाव राहिले.

१९५५ मध्ये बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव यांनी पेशीतल्या लयकारिकांचा शोध जाहीर केला. जुने, निकामी पदार्थ मोडून टाकणाऱ्या या पिशव्या. त्यांतली निरनिराळी विकरे निरनिराळे पदार्थ तोडतात. १९६३ मध्ये द द्यूव यांचे सहकारी आंरी एर्स यांनी दाखवले की पोंपेच्या आजारात ग्लायकोजेन तोडणारे एक विकर, आम्ल अल्फा-ग्लुकोसिडेज, लयकारिकेत नसतेच. माल आत येत राहतो, पण मोडला जात नाही. पिशव्या फुगत जातात आणि हृदयाचे, श्वसनाचे, हातापायांचे स्नायू निकामी होतात.

हा दोष अप्रभावी जनुकाचा आहे. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते. आईवडील स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा जोडप्यात दोघांनाही एकाच आजी-आजोबांकडून तेच सदोष जनुक मिळण्याचा संभव वाढतो. पण एक गोष्ट वर्गात स्पष्ट सांगावी. मूल दगावले की आपल्या गावांतून सगळा दोष आईच्या माथी मारला जातो, आणि विज्ञानात त्याला काडीचाही आधार नाही.

विकर बाहेरून द्यायचे, पण कसे?

जे विकर नाही ते बाहेरून द्यावे, ही कल्पना लगेच सुचली. १९६४ मध्येच काळ्या बुरशीपासून काढलेले विकर देऊन पाहण्यात आले. यकृतात थोडा फरक दिसला, स्नायूंत काहीच नाही. शिवाय परक्या प्रथिनाला शरीराने विरोध केला. पुढे माणसाच्या वारेतून काढलेले विकर वापरले. तेही पुरले नाही. मात्रा कमी पडत होती आणि विकर हव्या त्या पेशीत पोचत नव्हते.

पोचण्याचे गुपित १९७७ च्या सुमारास उलगडले. लयकारिकेकडे जाणाऱ्या विकरावर मॅनोज-६-फॉस्फेट नावाची एक खूण असते. पत्रावरच्या पिनकोडसारखा तिचा उपयोग होतो. ती असेल तरच पेशी विकर आत घेऊन योग्य जागी पाठवते.

दरम्यान अमेरिकेत रॉस्को ब्रेडी गोशे या दुसऱ्या आजारावर काम करत होते. त्यात प्लीहा फुगते, रक्त कमी होते, हाडे दुखतात. ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारेतून काढलेल्या विकराच्या साखरेच्या साखळ्या छाटून ते नेमक्या पेशींत पोचवले. १२ रुग्णांवर चाचणी झाली आणि १९९१ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. येथे दुसरी कुंडी कोणती? प्रत्येक रुग्ण स्वतःच. गोशेचा हा प्रकार सावकाश वाढतो आणि आपोआप बरा होत नाही. म्हणून उपचारापूर्वीची प्लीहा आणि नंतरची प्लीहा, आधीचे हिमोग्लोबिन आणि नंतरचे, अशी तुलना पुरेशी ठरली.

पोंपेचा आजार झालेल्या तान्ह्या मुलांच्या बाबतीत हे जमण्यासारखे नव्हते. त्यांना तेवढा वेळच नसतो.

लाव्यांचे पंख

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात युआन-त्सुंग चेन यांच्या गटाने हॅमस्टरच्या पेशी वाढवून त्यांत मानवी विकर तयार केले. ते तपासायला त्यांनी जपानी लावा पक्षी घेतले. या पक्ष्यांच्या एका वाणात हाच आजार असतो. त्यांना पंख उचलता येत नाहीत आणि उताणे पाडले तर सरळ होता येत नाही. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १८ दिवसांच्या उपचारानंतर मोठी मात्रा मिळालेले पक्षी पंख उचलू लागले, स्वतः पालथे होऊ लागले. एक तर उडालासुद्धा. ज्याला विकर दिले नव्हते तो पक्षी उताणाच पडून राहिला. लाव्यांच्या बाबतीत दुसरी कुंडी ठेवता आली होती.

१९९९ मध्ये बालकांवरील पहिल्या लहान चाचण्या सुरू झाल्या. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे चार बालकांना सशाच्या दुधातून मिळवलेले मानवी विकर दिले गेले. त्यासाठी सशांमध्ये मानवी जनुक घालण्यात आले होते. ड्यूक येथे तीन बालकांना हॅमस्टरच्या पेशींतले विकर मिळाले. पण तीन-चार मुलांवरून सिद्धता होत नाही.

मेलेल्या मुलांच्या नोंदी

मुंबई विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेऊन ड्यूकला गेलेल्या डॉ. प्रिया किशनानी या कामात पुढे होत्या. मोठ्या चाचणीत काही बालकांना औषधाऐवजी मिठाचे पाणी देणे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मान्य होणे शक्य नव्हते. मग तुलना कोणाशी? त्यांनी दुसरी कुंडी इतिहासातून आणली. निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांचे जुने कागद तपासून, उपचार न मिळालेल्या १६८ बालकांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांचे मृत्यूचे मध्यक वय निघाले ८.७ महिने.

त्यांपैकी नव्या चाचणीच्या अटींत बसणारी ६१ बालके वेगळी काढली. त्यांतली १८ महिन्यांची होईपर्यंत जगलेली सुमारे २ टक्केच. नवे औषध मिळाले ते १८ बालकांना, सर्वांचे वय सहा महिन्यांच्या आत. ही सगळी १८ बालके १८ महिन्यांची होईपर्यंत जगली. २००६ मध्ये अमेरिकेत व युरोपात औषधाला मान्यता मिळाली.

हे गणित फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे. जुन्या प्रमाणाने १८ पैकी किती जगली असती? १८ गुणिले ०.०२, म्हणजे ०.३६. अर्धे मूलही नाही! प्रत्यक्षात १८ जगली.

विद्यार्थी येथे शंका काढतील आणि त्यांनी ती काढावीच. जुन्या काळी रुग्णालये कमी सुसज्ज असतील. नव्या मुलांची निगा अधिक राखली गेली असेल. शंका रास्त आहे. इतिहासातून आणलेली कुंडी शेजारी ठेवलेल्या कुंडीइतकी भरवशाची कधीच नसते. फरक लहान असता तर तिच्यावर विसंबून काहीच म्हणता आले नसते. फरक एवढा प्रचंड होता म्हणून ती चालली.

याचा पडताळाही इतिहासात आहे. याच आजाराचा मोठेपणी दिसणारा प्रकार वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. तेथे ९० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. ६० जणांना औषध, ३० जणांना औषध नसलेले द्रव. २०१० मध्ये निष्कर्ष आला. ७८ आठवड्यांनंतर सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात दोन गटांत सुमारे २८ मीटरचा फरक पडला होता. एवढा फरक जुन्या कागदांवरून कोणी ओळखू शकले नसते. तेथे दुसरी कुंडी हवीच होती, आणि थांबण्यास वेळ असल्याने ती ठेवता आली.

औषध म्हणजे चमत्कार नव्हे. त्या १८ बालकांपैकी काही चालू लागली, काहींना पुढे श्वासाचे यंत्र लागले. ज्यांच्या शरीरात हे विकर मुळीच तयार होत नाही, त्यांचे शरीर औषधालाच परके समजून प्रतिपिंडे बनवते, हेही उघड झाले. औषध दर पंधरवड्याला, जन्मभर शिरेतून द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते. मूल वाढेल तसा खर्च वाढतो.

पुन्हा चौसाळा

भारतात २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. त्यात पोंपे व गोशे या आजारांचा समावेश आहे. उपचारांसाठी निवडलेल्या केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे, आणि २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. जन्मभराच्या औषधाला ही रक्कम पुरत नाही, हे आकडेमोड न करताही कळेल. शिवाय चौसाळ्यापासून मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर. तेथवर पोचण्याआधी आजाराचे नाव कोणाला तरी सुचावे लागते.

त्या बाईंना आज आम्ही असे सांगू: नाही, कोणाचेही मूल दुसरी कुंडी म्हणून ठेवावे लागले नाही. ते काम आधीच गेलेल्या मुलांनी केले. कारण कोणी तरी त्यांचे वय, वजन, हृदयाचा आकार, मृत्यूचा दिवस कागदावर नीट लिहून ठेवला होता. त्या डॉक्टरांजवळ द्यायला औषध नव्हते. तरीही त्यांनी नोंद चुकवली नाही.

आपल्याकडे मान न धरणारे, दूध पिताना दमणारे बाळ गेले की कारण म्हणून "न्यूमोनिया" लिहिले जाते किंवा काहीच लिहिले जात नाही. असे मूल पुढे कोणत्याच तुलनेत येत नाही. म्हणून एकाच घरात दुसरे मूल तशाच लक्षणांनी आजारी पडल्याचे शिक्षकांच्या किंवा अंगणवाडी ताईंच्या कानावर आले, तर पहिल्याचे जुने कागद जपून ठेवायला आणि डॉक्टरांना दाखवायला त्या आईवडिलांना जरूर सांगावे. एवढे तर गावात बसूनही करता येते.