कार्बन क्रेडिट: सही करण्याआधी ऊसवाल्यांनी हे वाचावं

बिद्री म्हटलं की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आणि चौफेर ऊस. तोडणी झाली की पाचट पेटवायची आपल्याकडे जुनी खोड. तेच पाचट खोडव्याच्या सरीत कुजवलं तर धूर थांबतो आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. कार्बन क्रेडिटचा हिशोब इथूनच सुरू होतो.

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून रोखलेला किंवा माती-झाडांत साठवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. कंपन्या तो आपल्या धुराची भरपाई म्हणून विकत घेतात. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आणली. जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडाही जाहीर केला.

दोन एकरवाल्याला एकट्याने यात उतरणं परवडत नाही. मोजणी आणि तपासणीचाच खर्च मोठा. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी किंवा प्रकल्पवाली कंपनी अनेकांची एकत्र नोंद करते. पैसे तपासणी होऊन क्रेडिट विकल्यावरच येतात, त्या भरवशावर कर्ज काढू नका. जो आधीपासूनच पाचट कुजवतो, त्याला बहुधा काही मिळत नाही. आम्हाला हा अन्यायच वाटतो, पण बाजार नवा बदल मागतो.

करारात आपला वाटा किती, बांधिलकी किती वर्षांची, मध्येच पाचट जाळलं तर काय, हे मराठीत लिहून मागा. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांनाही विचारा. वाटा त्यांचाही आहे.